पिवडी आणि नीळ

आमच्या भागात घराला रंग देतात असं कुणी म्हणत नसे. घराला चुना देत. घटस्थापनेच्या आधी आठ-दहा दिवस सगळी भांडी, वाकळा, कणग्या अंगणात यायच्या आणि रिकाम्या घरावरून चुन्याचा हात फिरायचा. रंग म्हणजे त्या चुन्यात पडणारी चिमूट. पिवडी पडली की घर पिवळं, नीळ पडली की निळं. भुईपासून हातभर उंच ओढलेला पट्टा गेरूचा, पण तो पट्टाच. खोलीचा म्हणून जो रंग, तो या दोनांतलाच एक असायचा. बार्शी, माढा, करमाळा या बाजूची माळवदाची गावं ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी पाहिली आहेत, त्यांना हे दोन रंग डोळे मिटले तरी दिसतील.

दोनच का, हा प्रश्न लहानपणी मला पडला नाही. मोठेपणी इतिहास शिकवण्याची नोकरी केली, तेव्हा राजांच्या सनावळ्या फळ्यावर लिहिताना कधी कधी वाटायचं, की आपल्या माजघराच्या भिंतीचाही काही इतिहास असणार, तो कुणी लिहायचा? हा लेख त्या भिंतीचा आहे.

आधी चुन्याचं सांगतो. भट्टीत भाजलेली चुनखडी कळीचा चुना म्हणून बाजारात मिळायची. आप्पा, म्हणजे माझे आजोबा, ती पोत्यातून आणून मातीच्या रांजणात टाकत आणि वरून पाणी ओतत. पाणी चुलीवर ठेवल्यासारखं खदखदायचं. आम्हा पोरांना तिथून दहा हात लांब उभं करत, कारण उडालेला थेंब डोळ्यात गेला तर डोळा जायचा. चुना दोन-चार दिवस भिजू द्यायचा, मग फडक्यातून गाळून घ्यायचा, त्यात मूठभर मीठ आणि भिजवलेला डिंक घालायचा. कुंचा केकताडाच्या वाखाचा. ओला असताना चुना भिंतीवर दिसतही नाही, ओली माती तेवढी दिसते. जसा वाळत जातो तसा उजळतो. हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन त्याची पुन्हा चुनखडीच होत असते. म्हणजे डोंगरातून काढलेला दगड भाजायचा, विरघळवायचा आणि भिंतीवर त्याचा पातळ पापुद्रा करून परत दगड करायचा, असा तो सगळा व्यवहार.

आता दोनच रंग का, ते या चुन्याच्या स्वभावात आहे. चुना तिखट असतो. त्यात घातलेले बहुतेक रंग तो मारून टाकतो. फुला-पानांचे रंग तर टिकतच नाहीत. घरात पिवळा रंग म्हटला की आधी हळद आठवते, पण हळद चुन्यात घाला, ती लाल होते. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही माहीत, कारण करमाळा तालुक्यातलं केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे, आणि कुंकू म्हणजे खारानं लाल केलेली हळदच. बाजारात मिळणारा प्रशियन ब्लू नावाचा गडद निळा चुन्यात पडला तर काही दिवसांत तपकिरी होतो. चुन्यात तगून राहतात ते मातीचे आणि दगडाचे रंग. पिवडी तगते, गेरू तगतो आणि पुडीतली नीळ तगते. गावानं काही आवड म्हणून हे रंग निवडले नव्हते. चुन्यानं जे ठेवले, ते गावानं घेतले.

पिवडी ही पिवळी माती. लोखंडाच्या गंजाचाच तो एक पिवळा भाऊ. राजस्थान, मध्य प्रदेश, आंध्र या बाजूला तिच्या खाणी आहेत. ही पिवळी माती तव्यावर भाजली तर लाल होते, म्हणजे पिवडी आणि गेरू एकाच घरातले. पिवडी स्वस्त. किराणा दुकानात मिठाच्या पोत्याशेजारी तिचं पोतं उघडं ठेवलेलं असायचं आणि दुकानदार कागदाच्या पुड्यात ती पसापसा घालून द्यायचा. हात पिवळे व्हायचे, पण धुतले की जायचे.

निळीची गोष्ट जास्त लांबची आहे, आणि तिच्या नावातच एक घोटाळा आहे. नीळ म्हटलं की शिकलेल्या माणसाला बंगालमधला 1859-60चा शेतकऱ्यांचा उठाव आठवतो. चंपारण आठवतं. तिथं वीस कठ्ठ्यांतले तीन कठ्ठे निळीला द्यायची सक्ती होती, त्यासाठी 1917 मध्ये गांधीजी गेले. ती नीळ झाडाची. पानं कुजवून काढलेली, कापड रंगवायची. जर्मनीच्या कारखान्यातली नीळ 1897 मध्ये बाजारात आली आणि झाडाच्या निळीचा भाव कोसळला. पण आमच्या भिंतीवरची नीळ ही नव्हेच. ती पुडीतली नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. एके काळी हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द दगड कुटून काढत आणि तो सोन्याच्या बरोबरीनं विकला जाई. 1824 मध्ये फ्रान्समधल्या एका संस्थेनं जाहीर केलं, की हा रंग कुणी स्वस्तात करून दाखवला तर त्याला 6000 फ्रँक देऊ. झां-बातिस्त गिमे नावाच्या माणसानं तो करून दाखवला आणि 1828 मध्ये बक्षीस घेतलं. त्याच वर्षी जर्मनीतल्या ग्मेलिन या प्राध्यापकानं स्वतःची कृती छापून टाकली. शाडूसारखी पांढरी माती, सोडा आणि गंधक एकत्र भाजायचे, की निळा रंग निघतो. राजवाड्यातल्या चित्रांतला रंग पन्नास-साठ वर्षांत धोब्याच्या टबात आला.

टबात का आला, तेही सांगायला हवं. पांढरं कापड धुऊन धुऊन पिवळट पडतं. त्यात किंचित निळी छटा मिसळली की डोळा फसतो आणि कापड पांढरंशुभ्र वाटतं. चुन्याचंही तसंच. नुसता चुना काही दिवसांत पिवळसर दिसू लागतो, म्हणून त्यात नीळ. धोतराला जी पुडी, तीच भिंतीला. बार्शीची छोटी रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली, 1906 मध्ये पंढरपूरला आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. कापूस आणि गळिताचं धान्य त्या डब्यांतून बाहेर जाई आणि येताना काचेच्या चिमण्या, रॉकेल, काडेपेट्या, सुया येत. निळीच्या पुड्याही तशाच आल्या असणार. आप्पा म्हणायचे, "पिवडी मापानं मिळती, नीळ चिमटीनं." पिवडीची पसाभर माती जे करी ते निळीची एक पुडी करी.

आता दोन्ही रंग एका खोलीत शेजारी ठेवून बघू. खोली आमच्याच घरातली, माजघराची. माळवदाचं घर बाहेरून मातीच्या ढिगासारखं दिसतं आणि आत गेल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही. भिंती दीड-दोन हात जाड. खिडकी नाही. वर माळवदात एक झरोका, त्यावर पावसाळ्यात फरशी सरकवायची. दुपारी त्या झरोक्यातून उजेडाचा एक खांब खाली उतरायचा आणि भुईवरून हळूहळू सरकत उतरंडीपर्यंत जायचा. आज्जी त्या खांबावरून वेळ सांगायची. अशा खोलीत दिवसा निळा रंग गार वाटतो. उन्हातून आत आलं की डोळ्यांवर ओलं फडकं ठेवल्यासारखं होतं. निळीवर माशा बसत नाहीत असंही म्हणत. ते खरं की खोटं, कुणी माशा मोजल्या नव्हत्या. पण चिमणी लावली की हा निळा रंग मरून जायचा. तेलाच्या दिव्याच्या उजेडात निळा भाग फार थोडा असतो, त्यामुळे निळ्या भिंतीकडून परत यायला काही उरतच नाही. भिंत राखेसारखी दिसते. पिवडीचं उलट. दिवसा ती मळकट वाटते, धूर बसला की आणखी मळकट. पण रात्री दिव्याचा सगळा उजेड ती झेलून परत फेकते. पिवळ्या खोलीत एका चिमणीवर चार माणसं जेवायची आणि ताटातला खडा दिसायचा. ज्याला दिवसा गारवा हवा त्यानं नीळ घ्यावी, ज्याला रात्री उजेड हवा त्यानं पिवडी. रंगाचा हिशोब एवढाच असता तर इथंच लेख संपला असता.

भिंतीवर सरकारचाही हात फिरला होता. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढं गावोगाव पसरला. माणसं घरं सोडून रानात झोपड्या घालून राहिली. परत आल्यावर घरं उघडून, उन्हं आत घेऊन, चुना मारून मगच राहायचं, असा दंडक. आज्जीची सासू सांगायची म्हणे, की त्याआधी आमच्याकडं आत नुसत्या शेणामातीचंच सारवण होतं, भिंतीला चुना हा प्लेगनंतरचा. पुढं 1953 मध्ये हिवतापाची मोहीम सुरू झाली आणि पंप घेतलेली माणसं डीडीटी मारून जाऊ लागली. चौकटीच्या शेजारी गेरूनं तारीख लिहीत आणि बजावत, "बाई, भिंत सारवू नका, औषध जाईल." सणाच्या तोंडावर हे झालं की बायका कुरकुरायच्या आणि तो माणूस वेशीबाहेर गेला की चुना कालवायच्या.

मी जन्मलो 1958 साली. मला कळतंय तेव्हापासून आमचं माजघर पिवळं होतं. गल्लीतली आमच्या भावकीची सगळीच घरं आतून पिवळी. निळं घर मी पहिल्यांदा पाहिलं ते चौथीत असताना. वर्गातल्या एका मित्राकडं गेलो होतो. ओढ्यापलीकडं, गावकुसाबाहेरच्या वस्तीत. एकच खोली, पण आकाशाचा तुकडा कापून आत लावावा तशी निळी. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि शेजारी बुद्धाचं कॅलेंडर. त्याच्या आईनं गूळ-शेंगदाणे दिले. आम्ही भिंतीला पाठ लावून बसलो आणि गणितं सोडवली.

चुन्याच्या भिंतीचा एक गुण आहे. ती अंगाला लागते. घरी आलो तर आज्जी दारातच होती. तिनं मला खांद्याला धरून वळवलं. सदऱ्याच्या पाठीवर निळा पट्टा उमटला होता.

"कुठं टेकला हुतास?"

मी सांगितलं. ती ओरडली नाही. मारलंही नाही. सदरा काढून घेतला, न्हाणीत उभं करून दोन तांबे पाणी डोक्यावर ओतलं आणि म्हणाली, "अभ्यास शाळंतच करावा." दुसऱ्या दिवशी सदरा वाळत होता, स्वच्छ, आणि गंमत अशी की तिनं तो निळीतच काढला होता.

आमच्या गावात अंगाला लागलेल्या रंगावरून माणूस कुणाच्या भिंतीला टेकला ते कळायचं. पिवळा डाग घेऊन तुम्ही कुठंही जा, कुणी विचारत नसे. मी त्यानंतरही ओढ्यापलीकडं जात राहिलो, फक्त भिंतीपासून वीतभर पुढं बसायला शिकलो. तो मित्र पुढं रेल्वेत लागला. आजही आम्ही भेटलो की तो माझ्या पाठीवर थाप मारून हात झाडल्यासारखं करतो. त्यालाही ते तेव्हाच कळलं होतं.

"आपल्यात निळा नसतो." हे वाक्य मी घरात इतक्या वेळा ऐकलं, की ते कुळाचाराइतकं जुनं असेल असं वाटायचं. देवाला अमुक नैवेद्य चालत नाही, अमुक झाडाची लाकडं चुलीत घालत नाहीत, तसंच माजघराला निळा नसतो. कुणी त्याचं कारण सांगत नसे आणि कुणी विचारत नसे. वीज आमच्याकडं 1974 साली आली. ट्यूबलाइटच्या उजेडात निळा रंग मरत नाही, उलट उठून दिसतो. पिवळ्याची गरज तेव्हाच संपली होती. तरी पिवळाच राहिला. पुढं 1980 नंतर डिस्टेंपर आला तोही 'क्रीम' म्हणून, म्हणजे पिवडीचा सभ्य भाऊ.

हे वाक्य पुन्हा ऐकू आलं ते 2018 साली. माझे धाकटे चुलते, तात्या, आता त्या घरात राहतात. त्यांच्या धाकट्या मुलानं दोन वर्षांपूर्वी सोलापुरात लग्न केलं होतं. मुलगी बौद्ध घरातली, दवाखान्यात नर्स. तात्या लग्नाला गेले नव्हते. मग नात झाली आणि तात्या बोलू लागले, म्हणजे मुलाशी आणि नातीशी. सुनेशी बोलायचं तर भिंतीला सांगावं तसं, "चहा झाला असंल तर बरं झालं असतं" अशा चालीवर. त्या वर्षी दिवाळीला सगळे येणार म्हणून माजघर नीट करायचं ठरलं. माळवद काढून वर पत्रे आधीच पडले होते, आता आतून रंग. रंगाऱ्यानं छटांचं पुस्तक ओसरीवर पसरलं. सगळे वाकून बघत होते. तात्या लांबूनच म्हणाले,

"निळा सोडून कुठला बी द्या."

कुणी वर बघितलं नाही. सुनेनं पुस्तकाचं पान उलटलं, मिटलं, आणि नातीला घेऊन आत गेली. थोड्या वेळानं बाहेर येऊन ती सरळ तात्यांपुढं उभी राहिली. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात.

"मामा, मला निळा पाहिजेच असं नाही. तुम्ही पिवळा द्या, हिरवा द्या. पण 'निळा सोडून' असं म्हणून देऊ नका."

तात्या म्हणाले, "तसं न्हाई बाई. आपल्यात पहिल्यापासून न्हाई निळा, म्हणून म्हणलं."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा त्यावर विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यानं भिंत खरवडायला घेतली. जुन्या चुन्यावर आजकालचा रंग धरत नाही, पापुद्रे सुटतात, म्हणून आधी सगळं खरवडून खाली घट्ट लागेपर्यंत जावं लागतं. पत्र्याची पट्टी घेऊन तो एकेक कपचा पाडत होता आणि मी सहज खालचा एक कपचा उचलला. जाडजूड, भाकरीच्या पापुद्र्यांसारखा. त्याची कड उजेडात धरली. वर क्रीम डिस्टेंपरचे थर. त्याखाली पिवळे, एकावर एक. आणि पिवळ्यांच्या खाली निळे.

मी खरं तर हसलो. मग भिंग आणलं आणि अंगणात बसून मोजायला लागलो. चारही भिंतींचे कपचे घेतले. पिवळे थर वीस-बावीस भरत होते, काही इतके पातळ की दोन की एक ते सांगता येईना. निळे सतरा-अठरा. त्यांच्याही खाली एक नुसता पांढरा आणि मग माती. हे माजघर आप्पांनी 1939 साली नव्यानं बांधलं, हे आम्हाला माहीत होतं. वर्षाला एक हात धरला तर अठरा निळे थर 1957च्या आसपास संपतात. पिवळे तिथून सुरू होतात. आमचं घर निदान सतरा-अठरा वर्षं आतून निळं होतं. तात्या निळ्या खोलीत जन्मले होते.

मी कपचा तात्यांच्या हातावर ठेवला. ते चष्मा काढून, लावून, परत काढून बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले,

"आप्पानं मला बार्शीला धाडलं हुतं. मी अकरा वर्साचा असंन. दर साली निळीच्या पुड्या आणायचो. त्या साली म्हणले, औंदा पिवडी आण. मी म्हणलं, का? तर म्हणले, आण म्हणलं ना."

"आन् का ते?"

"कुणी बोललं न्हाई. पर समद्या गल्लीनं त्याच साली पिवडी आणली."

त्या सालाच्या आगेमागे काय घडत होतं, ते पुस्तकात आहे. बाबासाहेबांनी 1942 मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन काढलं, तेव्हापासून निळा झेंडा सभांमध्ये दिसू लागला होता. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्या 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. पुढच्या वर्षी निवडणूक झाली आणि रिपब्लिकन पक्ष निघाला. 1958 मध्ये कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा झाला, त्यात महार वतनही गेलं. आमच्या ओढ्यापलीकडच्या वस्तीनं त्याआधीच मेलेली ढोरं ओढायचं सोडलं होतं, वेशीवरची राबणूक सोडली होती. त्यांनी घरातले जुने देव ओढ्यात सोडले आणि भिंती निळ्या केल्या. म्हणजे भिंती आधीही काहींच्या निळ्याच असतील, कारण पुडी सगळ्यांना त्याच दुकानातून मिळत होती. पण आता त्या निळ्याला अर्थ आला. तो त्यांनी दिला.

आणि आमच्या गल्लीनं तो अर्थ बरोबर वाचला. गंमत अशी की 1957च्या निवडणुकीत आप्पा संयुक्त महाराष्ट्र समितीचे. समितीत शेतकरी कामगार पक्षाबरोबर फेडरेशनही होतं. आप्पा एका बैलगाडीत वस्तीतल्या माणसांच्या मांडीला मांडी लावून प्रचाराला गेले, एकाच सभेत घोषणा दिल्या. त्याच वर्षी घटस्थापनेच्या आधी त्यांनी पोराला पिवडी आणायला धाडलं. सभा गावाच्या मैदानात होती, माजघर घरात होतं. कुणी ठराव केला नाही, कुणी बैठक बोलावली नाही. एका सणाला निळी पुडी आणायची राहिली, एवढंच. मग माझ्यासारखी पोरं पिवळ्या खोलीत जन्मली आणि ज्यांनी निळी खोली पाहिली होती तेही ती विसरले. साठ वर्षांत 'औंदा पिवडी आण'चं 'आपल्यात पहिल्यापासून निळा नसतो' झालं.

मी हे आमच्या एका घराचं आणि एका गल्लीचं सांगतो आहे. दुसरीकडं लोक पुढंही नीळ लावत राहिले असतील, मी अशी घरं नंतर पाहिलीही आहेत. पण आमच्या भागात परंपरा म्हणून जे सांगतात, त्यातलं किती आपल्या आजोबांच्या हयातीतलं असतं, ते कपच्याच्या कडेवर दिसतं. कागद आमच्या घरात फारसे नव्हते. सातबारा आणि देवीच्या लसीचा एक दाखला. भिंतीनं मात्र दर वर्षी एक ओळ लिहून ठेवली होती आणि आम्ही तिच्यावर क्रीम रंग देऊन बसलो होतो.

त्या संध्याकाळी सुनेनं रंगाऱ्याला दोन्ही रंगांचे हातभर पट्टे भिंतीवर मारून मागितले, एक फिकट निळा, एक पिवळा. तीन दिवस ते तसेच ठेवले. येता-जाता ज्याला त्याला विचारलं जाई. दुपारी निळा बरा वाटायचा, संध्याकाळी पिवळा. नातीला निळा आवडला, कारण तिच्या फ्रॉकचा तो रंग होता. चुलतीला पिवळा, कारण डाग दिसत नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी तात्या भिंतीसमोर काठी टेकून उभे राहिले आणि सुनेकडं तोंड करून, पहिल्यांदाच सरळ तिला म्हणाले,

"बाई, निळाच हुता की हितं. निळा द्या."

ती म्हणाली, "अंधार वाटेल मामा. खिडकी नाही."

"वाटू दे. माझा जल्म अंधारातच झालाय हितं."

रंग निळा दिला. बायका, पोरं, भावकी दिवाळीला आली आणि गेली. कुणी काही बोललं, कुणी नाही. शेजारच्या घरातल्या एकानं तात्यांना विचारलं, "काय तात्या, निळा?" तात्यांनी त्याला कपचा दाखवला. ते तो कोनाड्यात ठेवतात, तंबाखूच्या डबीशेजारी. त्या माणसानं तो उलटसुलट केला, कडेवर नख फिरवलं आणि म्हणाला, "आमच्या बी भिंतीत असंल मग." असेलच. पिवडी त्याच साली, त्याच दुकानातून आली होती.

तात्या आता त्या रंगाबद्दल तक्रार करतात. निळ्यानं खोली अंधारी झाली, पेपर वाचता येत नाही, पिवळाच बरा होता, असं सुनेला फोन करून सांगतात. तक्रार खरी आहे. बिनखिडकीच्या खोलीत निळा रंग उजेड खातो, हे मी वर लिहिलंच आहे. सुनेनं गेल्या खेपेला येताना एक जादा दिवा आणला आणि स्वतः स्टुलावर चढून तो त्यांच्या बाजेच्या वर लावला.